चौसष्ट ओळींचं कणीस

एकदा विणकरांच्या एका गावात एक बातमी आली, ती अर्धीच आली. उरलेली अर्धी नळाच्या पाण्यात बुडाली.

गुरुवारची सकाळ होती. नळावर हंडे-कळश्यांची रांग लागलेली आणि त्या रांगेत गौराक्का सातव्या. पुढून कुणीतरी म्हणालं, "कळलं का, लक्ष्मय्या तात्यांनी अंबिकेचं ते यंत्र बंद करून फळीवर ठेवलं म्हणे! आणि तिला म्हणाले, आता माझ्याकडं शिकायला—"

नेमकं तेवढ्यात पाणी आलं. हंड्यांची आदळआपट सुरू झाली, दोघींचं नंबरावरून वाजलं, आणि बोलणारी बाई कळशी कमरेवर घेऊन निघूनही गेली.

गौराक्कांचा स्वभाव असा, की एक वेळचं जेवण चुकलं तरी चालेल, पण अर्धी बातमी त्यांना पचत नसे. हंडा घरी पोचेपर्यंत उरलेली अर्धी त्यांनी स्वतःच पुरी करून टाकली. 'शिकायला येऊ नकोस.' दुसरं काय असणार? तात्यांच्या आणि त्यांच्या घराची भिंत एकच. तात्यांच्या ओसरीवरच्या मागाची खटक-खटक ऐकून त्या दूध तापायला ठेवायच्या आणि खटक-खटक थांबली की कुकर उतरवायच्या. मंगळवार दुपारपासून भिंतीपलीकडे चिडीचूप होतं. माग गप्प म्हणजे माणसांत काहीतरी बिनसलेलं, एवढं तीस वर्षांच्या शेजारानं त्यांना शिकवलं होतं.

आता हे तात्या कोण आणि अंबिका कोण, ते सांगायला हवं.

तात्या म्हणजे त्या गावातले पत्ते पाडणारे शेवटचे कारागीर. जुन्या मागाला नक्षी कळते ती पत्त्यांतून. पत्ता म्हणजे जाड पुठ्ठ्याची लांबट पट्टी; कापडाच्या एका आडव्या ओळीला एक पत्ता. पत्त्यात भोक असेल तिथला नक्षीचा धागा वर उचलला जातो, भोक नसेल तिथला खाली राहतो. असे सगळे पत्ते दोरीत ओवून त्यांची माळ मागावर चढवायची. आडवा धागा नेणारा धोटा एकदा गेला की माळ एका पत्त्यानं पुढं सरकते आणि पुढच्या ओळीचा हुकूम सुरू होतो. खालचं साधं कापड माग आपलं आपण विणत राहतो. फुलं, पानं, मोर मात्र पत्त्यांच्या मर्जीवर. तात्यांनी पन्नास वर्षं भोकं पाडली. शिक्षण चौथी. पण त्यांच्या नक्षीच्या चादरी अंगावर घेऊन जिल्ह्यातल्या दोन पिढ्या झोपल्या.

अंबिका ही मागच्या गल्लीतली. वडील मागावर, आई कांड्यांवर सूत भरणारी. चार वर्षांपूर्वी ती तात्यांकडे आली आणि म्हणाली, "मला नक्षी शिकवा." तात्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. चौकटींचा कागद पुढं सरकवला आणि म्हणाले, "ह्यात एक चिमणी बसव." चिमणी बसली, पण तिची शेपटी कागदात मावली नाही. "उद्या ये," तात्या म्हणाले. ती उद्या आली, परवा आली, चार वर्षं येत राहिली.

मधल्या काळात तिनं तालुक्याला जाऊन संगणक शिकून घेतला. नुसतं टाइप करणं नव्हे. यंत्राला एकेका ओळीत हुकूम लिहून द्यायचा, अशी एक स्क्रिप्टची भाषा असते, ती शिकली. त्या भाषेत उभ्या-आडव्या घरांचा तक्ता मांडता येतो. त्याला ती मॅट्रिक्स म्हणे.

"म्हणजे काय गं?" गौराक्कांनी एकदा विचारलं होतं.

"अक्का, तुम्ही खाटेवर पापड वाळत घालता ना ओळीनं? तिसऱ्या ओळीतला पाचवा म्हटलं की बरोबर तोच सापडतो. तसंच हे."

"हात्तिच्या! मग त्यात शिकायचं काय एवढं? ते तर कावळ्यालाबी येतं."

असं म्हणाल्या खऱ्या, पण दुसऱ्या दिवशी भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना, 'आमच्या गल्लीतली पोरगी यंत्राला हुकूम देते,' हे सांगून आल्या त्याच.

यंदा गावच्या विणकर संस्थेनं नवा माग आणला. त्याला पत्ते लागत नाहीत. संगणकातला तक्ता तो थेट वाचतो. तोवर संस्थेकडून कापड घेणारे शेट नक्षी शहरातून तयार आणून देत आणि गावानं नुसते माग हाकायचे. या वेळी संस्थेच्या लोकांनी छाती पुढं काढून सांगितलं, "शेट, नक्षीसुद्धा आमचीच. आमची अंबिका करील." शेट हसले. म्हणाले, "करू द्या. नमुना बघू, मग बोलू. बरोबर आला, तर यापुढं नक्षीचं सगळं काम तुमच्या गावात. नाही आला, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

अंबिकेनं नमुन्याला जोंधळ्याचं कणीस घेतलं. मोर-कमळं शहरात कुणीही काढतं. हुरड्याला आलेलं कणीस कसं झुकतं, ते शहराला काय ठाऊक? कागदावर चौसष्ट आडव्या ओळी, अठ्ठेचाळीस उभ्या. वर दाण्यांनी भरलेलं कणीस, मध्ये दोन पानं, खाली उभ्या दांड्याचं धाट. तात्यांनी कागद लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला, आणि नुसती मान हलवली. तात्यांची मान हलणं म्हणजे दुसऱ्याची शाबासकी आणि वर नारळ.

मग तिनं तो कागद मॅट्रिक्समध्ये उतरवला. आधी चार ओळींचं नुसतं एक पान करून पाहिलं होतं. ते बरोबर आलं. त्याच धीरावर तिनं चौसष्ट ओळींचा मोठा तक्ता केला आणि संस्थेत देऊन टाकला.

"पडद्यावर उलगडून बघितलास का?" तात्यांनी विचारलं होतं.

"बघायचं काय तात्या? चार ओळींचं आलं, म्हणजे चौसष्टचं येणारच."

मंगळवारी संस्थेच्या लोकांसमोर आणि शेटांसमोर नवा माग सुरू झाला. हातभर कापड बाहेर आलं. त्यावर कणीस नव्हतं. पानं नव्हती. मधोमध खालपासून वरपर्यंत एक सरळ, जाड, उभी रेघ. नुसतं धाट!

शेटांनी कापड उचलून सगळ्यांना दाखवलं. "अहो, कणीस मागितलं होतं; तुम्ही तर कडबा दिलात! गाय-म्हैस असंल कुणाची तर बोलवा."

लोक हसले. हसणं वाईट नसतं, पण ज्याच्यावर हसतात त्याला ते महिनाभर ऐकू येतं. अंबिकेच्या वडिलांनी चप्पल घातली आणि ते खाली मान घालून बाहेर गेले. संस्थेच्या लोकांनी हातापाया पडून शेटांकडून एक संधी मागून घेतली: येता सोमवार. तोवर कणीस आलं तर आलं.

मंगळवारची दुपार आणि सगळा बुधवार अंबिका तात्यांच्या ओसरीवर यंत्रासमोर बसून होती. तक्त्यात घरं तीन हजार बहात्तर. एकेका घराचा लिहिलेला हुकूम तिनं कागदाशी ताडून पाहिला. चूक एकही नाही, आणि स्क्रीनवर उलगडलं की तेच धाट. कणसाचा एक दाणा पुन्हा भरायला जावं, तर दुसरीकडंही काहीतरी उमटे. रडून डोळे सुजले. आणि गुरुवारी सकाळी, म्हणे, तात्यांनी ते यंत्रच बंद करून फळीवर ठेवलं.

गौराक्का हंडा ठेवून क्षणभर उभ्या राहिल्या. इतक्यात भिंतीपलीकडून खटक-खटक सुरू झाली. मग मात्र त्यांना राहवेना. नुसतं कसं जायचं? वाटीत शेंगाचटणी घेतली, पदरानं झाकली, आणि तात्यांच्या ओसरीवर जाऊन उभ्या राहिल्या.

पाहतात तो काय! संगणक खरंच फळीवर, धुतल्या धोतराखाली झाकून ठेवलेला. पत्त्यांची माळ खुंटीला टांगलेली. मागावर पत्ता फक्त एक, आणि तोही पुढं सरकू नये म्हणून तात्यांनी माळ फिरवणाऱ्या ठोकळ्यात लाकडाची पाचर मारलेली. त्या एका पत्त्यावर अंबिका ओठ आवळून धोटा फेकत होती.

"चटणी आणलीय," गौराक्का म्हणाल्या.

"ठेवा तिथं," तात्या म्हणाले. "बाकीचं जे विचारायचंय ते पण विचारून घ्या. वाटी एवढी घट्ट धरलीय म्हणजे पोटात बरंच असणार."

"विचारते की! भिते काय? तात्या, सोमवार आला तोंडावर. पोरीच्या डोळ्याला डोळा नाही. आणि तुम्ही तिचं यंत्र काढून घेऊन तिला एका पत्त्यावर बसवलंय? एका पत्त्यावर कधी नक्षी होते का? मी चौथी नापास, पण एवढं मलाबी कळतं."

"कळतं ना? मग बरं झालं. गावात दोघांना कळतं."

"तात्या, थट्टा नका करू. पोरीची इज्जत जाते इथं."

अंबिका मागावरून म्हणाली, "अक्का, तुम्ही काही बोलू नका." पण तिच्याही आवाजात तोच प्रश्न होता, हे गौराक्कांना कळलं. तिचे हात चालत होते आणि मन त्या फळीवर होतं. प्रत्येक खटक्याला सोमवार एक बोट जवळ येत होता.

वीतभर कापड झालं. तात्यांनी कात्री घेतली, तेवढं कापड कापलं आणि ओसरीवर पसरलं. मग खांद्यावरच्या उपरण्याच्या गाठीतून मंगळवारचा तो फसलेला नमुना काढला आणि शेजारी ठेवला.

गौराक्का वाकल्या. अंबिका मागावरून उतरून आली. दोन्ही कापडं एकसारखी. तीच मधोमध उभी रेघ, तेच धाट. कुठलं कुठल्या मागावरचं, ते सांगता येऊ नये.

"हा पत्ता कुठला, तात्या?" अंबिकेनं हळूच विचारलं.

"तुझ्याच कागदावरची शेवटची ओळ. चौसष्टावी. पहाटे उठून पाडली." तात्या पुन्हा पाटावर बसले. "आता एक कर. वरून सातव्या ओळीत कणसाच्या उजव्या अंगाला एक दाणा राहिलाय असं समज. तेवढं एक भोक पाड आणि पुन्हा वीतभर वीण."

"सोमवार..."

"सोमवार कुठं पळून जात नाही. तो आपल्या दिवशीच येतो."

अंबिकेनं भोक पाडलं. विणायला बसली. चार बोटं कापड झालं, आठ बोटं झालं, आणि धाटाच्या उजवीकडं आणखी एक बारीक रेघ खालून वर चढत गेली. एक दाणा मागितला होता. त्याची दोरी झाली.

"मी सातव्या ओळीत सांगितलं होतं," तात्या जरा कडक आवाजात म्हणाले. "तू तर सगळीकडं घातलंस."

"तात्या, तुम्ही पण कमाल करता!" दोन दिवसांचा राग एकदम बाहेर आला. "सातव्या ओळीत कुठून घालू? सातवी ओळ आहेच कुठं? पत्ता एकच आहे! सातवी म्हणा, सत्ताविसावी म्हणा, सगळ्या त्याच एका पत्त्याच्या..."

आणि ती थांबली.

गौराक्का पुढं सांगत राहिल्या, की तेव्हाचा तिचा चेहरा देवळात आरतीच्या वेळी कापूर पेटतो तसा झाला. धोटा तिच्या हातात तसाच राहिला. मग ती उठली, फळीवरचं धोतर बाजूला केलं, यंत्र खाली घेतलं आणि तिथंच जमिनीवर मांडी घालून उघडलं. तात्यांनी तिला अडवलं नाही.

"ही बघा," ती स्वतःशीच बोलत होती, पण गौराक्का कान देऊन ऐकत होत्या. "ही हुकुमाची पहिली ओळ. इथं मी एक कोरी ओळ केली, अठ्ठेचाळीस रिकाम्या घरांची. आणि पुढं लिहिलं, असल्या चौसष्ट कर. मला वाटलं त्यानं चौसष्ट ओळी केल्या. त्यानं ओळ एकच ठेवली, आणि तिलाच चौसष्ट नावं दिली! पहिली म्हणा, दहावी म्हणा, बोट त्या एकीकडंच. मी वरून भरत आले, कणीस भरलं, पानं भरली, आणि प्रत्येक वेळी त्याच ओळीवर आधीचं पुसून नवं चढत गेलं. शेवटी धाटाची ओळ भरली. तेवढीच उरली. आणि ते चार ओळींचं पान बरोबर आलं, कारण त्या चारही ओळी मी हातानं वेगवेगळ्या लिहिल्या होत्या..."

"म्हणजे यंत्रानं फसवलं तुला?" गौराक्कांनी विचारलं. तिची बाजू घ्यायला त्या तयारच होत्या.

"नाही, अक्का. त्यानं सांगितलं तेच केलं. मी आळस केला. चौसष्ट ओळी करायच्या कंटाळ्यानं एकीच्याच नावावर चौसष्ट चिठ्ठ्या चिकटवल्या. आणि वर उलगडून बघितलंही नाही."

तिनं त्या जागी दुसरा हुकूम लिहिला. दर फेरीला नवी कोरी ओळ कर, आणि ती तक्त्यात ठेव. अशा चौसष्ट फेऱ्या. लिहायला दोनच ओळी लागल्या. बाकी तीन हजार बहात्तर घरांच्या हुकुमांना हात लावावा लागला नाही, कारण ते पहिल्यापासून बरोबरच होते. मग तिनं तक्ता उलगडला. काळ्या पडद्यावर ठिपक्यांचं कणीस उभं राहिलं, उजवीकडं किंचित झुकलेलं, दाण्यांनी गच्च.

गौराक्कांनी बोटं मोडून तिची दृष्ट काढली आणि मग कमरेवर हात ठेवून तात्यांकडे वळल्या. "तुम्हाला ठाऊक होतं. मंगळवारपासून ठाऊक होतं. मग सांगितलं का नाही? पोरीला दोन दिवस रडवलंत कशाला?"

तात्यांनी शेंगाचटणीची चिमूट तोंडात टाकली आणि बोलू लागले.

"मला तिची भाषा येत नाही, गौराक्का. मला कापडाची येते. हे बघा." त्यांनी मंगळवारच्या नमुन्याचा काठ वर केला. काठाला तीन बारीक उभ्या रेघा होत्या, कुणाच्या लक्षातही न येणाऱ्या. "पत्ते पाडणारा माणूस नक्षीच्या शेवटच्या ओळीत, अगदी कोपऱ्यात आपली खूण ठेवतो. माझी खूण तीन ठिपके, एकेक घर सोडून. शिकणारानं गुरूचीच खूण घालायची, हा आमचा रिवाज. म्हणून हिनं ती घातली. ती खूण कापडात एकदाच यायला हवी. इथं ती कापडभर उभी आहे. घरी आणून दुसऱ्या दिवशी उन्हात धरली तेव्हा दिसली. तिथंच कळलं, की शेवटचा पत्ता पहिल्यापासून बसलाय आणि जागचा हलत नाही. माळ अडकली की मागावर असंच कापड येतं; माझ्या उमेदीत दोनदा आलेलं आहे.

"पण यंत्राच्या पोटात ती माळ कुठं अडकलीय, ते मला दिसणार नव्हतं. ते हिलाच दिसणार. मी 'पत्ता अडकलाय' म्हणालो असतो, तर ही म्हणाली असती, 'तात्या, यंत्रात पत्ते नसतात.' आणि खरंच म्हणाली असती! म्हणून मी यंत्र झाकलं आणि हिच्या हातात अडकलेला पत्ता दिला. हातानं ओळखलेलं डोळे विसरत नाहीत."

तात्या तिच्याकडे वळले.

"पोरी, गर्दी वेगळी आणि नक्षी वेगळी. चौसष्ट जण उभे आहेत, चौसष्टांना नावंही वेगळी आहेत, पण प्रत्येकजण बोट दाखवतो त्या एकाकडं. तो बसला की सगळे बसले, तो चुकला की सगळे चुकले. त्याला नक्षी म्हणत नाहीत. नक्षी व्हायला प्रत्येक ओळीला स्वतःचा पुठ्ठा लागतो आणि स्वतःची भोकं लागतात. शेजारच्या ओळीशी जुळायचं असतं. शेजारची ओळ व्हायचं नसतं."

"माझी चूक मोठी होती का, तात्या?"

"चूक दोन ओळींची. पण उलगडून न बघण्याचा माज मात्र चौसष्ट ओळींचा होता. तो आता गेला, म्हणून सांगतो: तुझं कणीस माझ्या कुठल्याही कणसापेक्षा सरस आहे. मी पन्नास वर्षांत एकदाही ते झुकवलं नाही. सरळच काढत आलो."

हे ऐकून गौराक्कांनी डोळ्याला पदर लावला. चटणी तिखट झाली होती, असं त्यांनी मागून सांगितलं.

सोमवार आपल्या दिवशीच आला. संस्थेत पाय ठेवायला जागा नव्हती. अंबिकेचे वडील मागं, दाराला टेकून उभे. शेट मागाच्या अगदी तोंडाशी खुर्ची टाकून बसले. माग सुरू झाला. नवा माग पायाकडून विणतो. म्हणून आधी खूण आली, मग धाट आलं, आणि धाट पाहून दोन-चार जणांनी एकमेकांना कोपरं मारली. "आला बघ कडबा!" कुणीतरी कुजबुजलं. मग धाटाला डावीकडं पान फुटलं. उजवीकडं फुटलं. मग कणीस भरू लागलं, एकेक ओळ, एकेक दाणा, आणि वर जाता जाता ते हळूच उजवीकडं झुकलं. कुजबुज थांबली. मागाचा आवाज तेवढा राहिला.

शेटांनी कापड हातात घेतलं. या वेळी ते उंच करून दाखवलं नाही. जवळ धरून पाहिलं, अंगठा फिरवून पाहिला. खेड्यातला जन्म त्यांचाही होता. "हुरड्याचंच आहे," ते म्हणाले. "अजून पंधरा दिवसांनी कापायला येईल." मग खुर्चीवरून उठून अंबिकेला म्हणाले, "ताई, मंगळवारी मी बोललो ते लोकांत बोललो. आता हेही लोकांतच बोलतो. नक्षीचं काम इथंच. दुसरी नक्षी कधी देता?"

दाराला टेकलेले वडील तेव्हा टेकायचे सोडून सरळ उभे राहिले. गौराक्कांना ते बरोबर दिसलं, कारण त्या कापडाकडं न बघता तिकडंच बघत होत्या.

टाळ्या वाजल्या, पेढे वाटले गेले. त्या गडबडीत तात्यांनी नमुना मागून घेतला आणि त्याचा कोपरा पाहिला. शेवटच्या ओळीत तीन ठिपके, एकेक घर सोडून. या वेळी एकदाच आलेले, जागच्या जागी.

"हे कुठून आणलंस?" तात्यांनी विचारलं.

अंबिका बावरली. "तुमच्याच पत्त्यावरून, तात्या. जसेच्या तसे. रिवाजच आहे ना?"

"रिवाज शिकणाराचा आहे." तात्यांनी कापड तिच्या हातात दिलं. "तक्त्यातल्या सगळ्या ओळी तू वेगळ्या केल्यास, पण तुझ्यात नि माझ्यात एक ओळ अजून सामाईक राहिलीय. ती पण वेगळी कर. आजपासून तू माझी शिकाऊ नाहीस."

गौराक्का शेजारीच होत्या. त्या नसत्या तरच नवल. त्यांच्या तोंडचा पेढा तसाच राहिला. "म्हणजे ती बातमी खरी? तुम्ही तिला काढलंत?"

"कुठली बातमी?"

"गुरुवारी नळावर... तुम्ही म्हणालात म्हणे, 'आता माझ्याकडं शिकायला—' आणि पाणी आलं!"

तात्या मनापासून हसले. "'आता माझ्याकडं शिकायला चारच दिवस उरलेत, तेवढे तरी नीट बस', असं म्हणालो होतो. यंत्र फळीवर ठेवलं, ते खरं. शिकणं संपवलं, ते पण खरं. पण काढलं कुठं? माझी ओसरी आणि माझा माग तिला कालसारखाच मोकळा आहे. खूण तेवढी तिची तिनं शोधायची."

अंबिकेनं तात्यांच्या पायांना हात लावला, मग बाकावर यंत्र ठेवून उघडलं. लोक भोवती गोळा झाले. शेटही आले. तिनं शेवटच्या ओळीतले तीन ठिपके पुसले आणि बराच वेळ त्या रिकाम्या कोपऱ्याकडं पाहत राहिली. मग एक ठिपका घातला. दोन घरं सोडली. आणि दोन ठिपके जोडून घातले. ही खूण त्या गावात आधी कुणाचीच नव्हती.

"थांब," तात्या म्हणाले. "एका ओळीला हात लावलास. बाकीच्या त्रेसष्ट?"

अंबिकेनं तक्ता उलगडला. या वेळी तिला सांगावं लागलं नाही; तिनं पहिल्या ओळीपासून एकेक ओळीवरून बोट खाली आणलं, सगळ्यांच्या समोर, सावकाश. कणीस, पानं, धाट. बोट शेवटच्या ओळीवर येऊन थांबलं.

"जागच्या जागी आहेत, तात्या," ती म्हणाली.

तात्यांनी नुसती मान हलवली.